शेवटी मांडलेला पर्याय

आर्थिक सेवांच्या सल्लागार संस्थेत नोकरी धरावी की नाही? मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांना मी बरीच वर्षे शिकवते आहे. कोणत्या नोकरीत काय मिळते आणि काय जाते हे सांगणे माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. तरीही ती मुलगी दाराशी उभी राहून म्हणाली, "फायदे-तोटे सगळे वाचलेत, मॅडम. तुम्ही नुसतं हो की नाही ते सांगा," तेव्हा मी चष्मा पुसत राहिले. त्या क्षणी मला एकच व्यक्ती आठवत होती, आणि तिच्या बाबतीत हे पारडे कुठल्या बाजूला झुकते हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

ती माझी मावसबहीण. माझ्याहून थोडी मोठी. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. मावशी टंकलेखनाचे वर्ग चालवी. पुढच्या खोलीत यंत्रे, मागच्या खोलीत संसार. ताई आणि धाकटी या दोन मुली त्या खडखडाटात वाढल्या, त्यामुळे घरात सगळ्यांनाच थोडे मोठ्याने आणि थोडक्यात बोलायची सवय होती. ताई अभ्यासात हुशार निघाली, आणि पदवीनंतर एका सल्लागार संस्थेत लागली. बँका, विमा कंपन्या, निवृत्तिवेतनाचे निधी यांच्याकडे बाहेरून जायचे, त्यांचे काम कुठे अडते ते पाहायचे, दोन संस्था एकत्र आल्या तर कोणता विभाग कुठे ठेवावा हे सांगायचे, आणि निघून यायचे, असे त्या संस्थेचे काम. मावशीला ते शेजारणीला समजावून सांगताना नाकी नऊ येत.

"मुलगी बँकेत लागली म्हणे?"

"बँकेत नाही हो. बँकांना सल्ला देते."

"एवढीशी पोर बँकांना सल्ला देते? काय सांगते तरी काय?"

"ते बँकांनाही अजून कळलेलं नाही," मावशी म्हणे आणि यंत्राची फीत बदलायला लागे.

ताईच्या या नोकरीतले सुरुवातीचे धडे इथे सांगायलाच हवेत, कारण पुढचे सगळे त्यांतूनच उद्भवले. संस्थेच्या मालकांपैकी एक जण, ज्यांना तिथे भागीदार म्हणत, नव्या मुलांना स्वतः शिकवत. ताईने पहिला अहवाल लिहिला. एका पतसंस्थेच्या दोन शाखा एकत्र कराव्यात असे तिचे स्वच्छ मत होते आणि तिने ते पहिल्याच वाक्यात लिहिले होते.

"हे काय आहे?" भागीदारांनी विचारले.

"माझं मत, सर."

"तुमचं मत मागितलंय कुणी? पर्याय मांडा. प्रत्येकाचे फायदे, प्रत्येकाचे तोटे. आणि तुम्हाला जो पटलाय तो शेवटी ठेवा."

"शेवटी का, सर?"

"पहिल्यांदा सांगितलात तर गिऱ्हाईक त्याच्यावर तुटून पडतं. शेवटी ठेवलात की बाकीच्यांवर राग काढून ते दमलेलं असतं, आणि समोर तेवढाच उरतो. मग त्याला वाटतं, हा आपणच शोधला. आणि आणखी एक. अहवाल दिला की मागे वळून विचारायचं नाही. निर्णय त्यांचा. पाठपुरावा सुरू केलात की तुम्ही सल्लागार राहत नाही, विक्रेत्या होता."

ताई ही विद्या इतकी चांगली शिकली की काही वर्षांतच भागीदार नव्या मुलांना तिचे अहवाल वाचायला देऊ लागले. कोणत्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर न देणे तिच्या अंगवळणी पडले. घरी पंखा घ्यायचा असो वा धाकटीचे लग्न ठरवायचे असो, ताई शांतपणे दोन्ही बाजू मांडी. धाकटीला दोन स्थळे आली होती. ताईने दोन्हींविषयी इतके समतोल भाषण केले की मावशीला डुलकी लागली. पण धाकटीने ज्याचे नाव शेवटी आले त्याच्याशी लग्न केले आणि ती सुखात आहे. आम्हा घरच्यांना ही खूण हळूहळू कळत गेली होती. ताई बोलू लागली की सुरुवातीचे कानाआड करायचे, मधले सोडून द्यायचे आणि शेवटचे तेवढे नीट ऐकायचे.

"चहा घेतेस का विचारलं तरी हिचा अहवाल सुरू होईल," मावशी म्हणे. "मी आपली कप भरून समोर ठेवते."

या नोकरीने ताईला काय दिले हे सांगताना हात आखडता घेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मावशीच्या डोळ्यांवरची शस्त्रक्रिया, धाकटीचे शिक्षण, मागच्या खोलीतून निघून स्वतंत्र घरात जाणे, हे सगळे तिच्या पगारातून झाले आणि कुणापुढे हात न पसरता झाले. पण पगार ही त्यातली लहान गोष्ट. दर काही महिन्यांनी तिच्यापुढे एक नवे जग उघडे. पीकविमा कसा ठरतो, बुडीत कर्ज कधी बुडीत म्हणतात, माणूस किती जगेल याचा अंदाज निवृत्तिवेतनाचा निधी कसा बांधतो, हे ती तिथल्या माणसांच्या शेजारी खुर्ची ओढून बसून शिकली. एकाच कचेरीत हयात घालवणाऱ्याला जेवढे दिसत नाही तेवढे तिने तिशीच्या आत पाहिले. तिला ऐकून घेतले जाई, आणि बाईमाणसाला भर सभेत ऐकून घेतले जाणे ही तिच्या पिढीत साधी बाब नव्हती. तिच्या बोलण्याला आलेली धार, उगाच न चिडण्याची तिची रीत, समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडून दाखवण्याची तिची ताकद, हे सर्व त्या नोकरीचे देणे होते. मी माझ्या वर्गात जे थोडेफार नीट बोलते त्यातले निम्मे तिच्याकडून उचललेले आहे.

आता दुसरी बाजू. सोमवारी सकाळी ती परगावी जाई आणि शुक्रवारी परते. हॉटेलांच्या खोल्या सारख्याच असत: कागदी टोप्या घातलेले दोन पेले, त्यांतल्या एकाची टोपी ती काढी, दिव्याचे बटण मात्र प्रत्येक गावी वेगळ्या भिंतीवर. सकाळी जाग आली की आधी हात चुकीच्या भिंतीवर जाई आणि मग आपण कुठे आहोत ते आठवे. सहकाऱ्यांशी जवळीक होई, पण ती कामापुरती. चार-सहा माणसे काही महिने एकत्र जेवत, एकमेकांच्या मुलांचे ताप आणि बायकांचे रुसवे ऐकत, आणि काम संपले की प्रत्येक जण नव्या तुकडीबरोबर नव्या गावी जाई. पुढे कधी विमानतळावर भेट झालीच तर दोघांनाही एकमेकांचे नाव आठवायला क्षणभर लागे.

तिने घेतलेल्या फ्लॅटच्या इमारतीत एकदा नवा पहारेकरी आला. त्याने तिला फाटकाशी अडवले.

"कोणाकडे जायचंय?"

ताईने आपलेच नाव सांगितले.

"त्या बाई घरी नसतात," तो म्हणाला. "निरोप असेल तर ठेवा."

ही हकिकत ती आम्हाला हसत सांगे, आणि आम्हीही हसत असू. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा मावशी हसली नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी ती हसत सांगत नसे. आपण दिलेला सल्ला पुढे खरा ठरला की फसला, हे तिला कधीच कळत नसे. एकदा प्रवासात गाडी चुकली म्हणून ती एका जुन्या गिऱ्हाइकाच्या बँकेत सहज शिरली. तिथले दोन काउंटर एक करावेत म्हणून तिने सबंध पावसाळा घालवला होता. दोन्ही काउंटर जागच्या जागी होते. पलीकडच्या कर्मचाऱ्याने तिला ओळखले नाही आणि "बाई, रांगेत या," म्हणून सांगितले. ती रांगेत उभी राहिली, आपली पाळी आल्यावर सुटे पैसे मागितले, आणि बाहेर आली.

ती चाळिशी ओलांडून गेली तेव्हा तिच्याकडे एका विमा कंपनीचे काम आले. ही कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळणार होती आणि दोघींचे दावे विभाग, म्हणजे विम्याचे पैसे मागणाऱ्यांचे अर्ज तपासणारे विभाग, एकत्र करायचे होते. असल्या कामात संस्थेचा एक कडक नियम असे. सल्लागारांनी तिथल्या माणसांबरोबर जेवायचे नाही आणि अहवाल सादर होईपर्यंत स्वतःविषयी काही बोलायचे नाही. जेवण घालून अहवाल फिरवला असे उद्या कुणी म्हणू नये, हा हेतू. त्यामुळे सगळा हिवाळा ताईने एका बंद खोलीत, उपाहारगृहातून आलेल्या ताटासमोर, भिंतीकडे तोंड करून जेवण केले.

या कंपनीचे दावेप्रमुख विधुर होते. पन्नाशीला टेकलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणे संथ. प्रत्येक अर्जावर ते स्वतःच्या हाताने शेरा लिहीत, म्हणून सगळी कचेरी त्यांना माघारी 'शेरेवाले' म्हणे. त्यांनाही ते माहीत होते. ताई त्यांच्या टेबलाशेजारी बसून त्यांचे काम पाही आणि प्रश्न विचारी.

"दावा हातात आला की आधी काय पाहता, साहेब?"

"पहिली ओळ. माणसाला जे म्हणायचं असतं ते तो पहिल्या ओळीत म्हणतो. पुढे नुसती सारवासारव असते."

"आणि पहिल्या ओळीत मागणी नसेल तर?"

"तर परत. नाकारायचा नाही हं, परत पाठवायचा. 'काही बदल असल्यास कळवावे' असा शेरा मारून. ज्याला खरोखर गरज आहे तो येतोच पुन्हा."

"नाही आला तर?"

"तर त्याची गरज नव्हती असं धरायचं. मॅडम, मला दावा नाकारायला फार जड जातं. परत पाठवला की निदान दार उघडं राहतं."

ते रोज संध्याकाळी ठरल्या वेळी उठत आणि घाईने जात. कामाच्या वेळा टिपणे हे ताईचे कामच होते, म्हणून तिने विचारले.

"हे अहवालात जाणार?" त्यांनी उलट विचारले.

"कचेरीबाहेरचं नाही जात."

"मग सांगतो. पोहायला शिकतोय. नगरपालिकेच्या तलावावर. आमच्या तुकडीत माझ्या खालोखाल मोठा जो आहे, तो चौथीत आहे. मास्तर ओरडतात, 'ओ काका, पाय हलवा, पाय! पाणी पळून नाही जाणार!'"

ताई इतकी मोठ्याने हसली की पलीकडच्या खोलीतले तिचे सहकारी काचेतून पाहू लागले.

"हसता येतं की तुम्हाला," शेरेवाले म्हणाले. "मला वाटलं तेही नियमात बसत नसेल. इतके दिवस मीच बोलतोय, मॅडम. तुमच्याबद्दल एक तरी वाक्य सांगा."

"अहवाल होईपर्यंत तशी पद्धत नाही आमच्यात."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर सांगेन."

हिवाळा संपता संपता अहवाल सादर झाला. दोन्ही विभाग दूरच्या शहरातल्या कचेरीत एकत्र करावेत, हा पर्याय तिने शेवटी ठेवला होता आणि तोच मान्य झाला. हे काम सचोटीने केले तर दुसरे काही सुचवताच येत नव्हते. मात्र विभागप्रमुखांना तिकडे जायचे की इथेच दुसऱ्या पदावर राहायचे याची निवड द्यावी, असे एक कलम तिने आग्रहाने घातले. सभा आटोपल्यावर शेरेवाले तिला जिन्याच्या वरच्या टोकाशी, मोडक्या कपाटांच्या अडगळीत भेटले.

"माझा विभाग गेला म्हणायचा."

"तुम्हाला इथेच राहता येईल, साहेब. तशी तजवीज केलीय."

"वाचलं मी. आभारी आहे. आता तुमचा नियम संपला ना?"

"संपला."

"मग विचारतो. मला घुमवून बोलता येत नाही. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं का?"

ताईने जिन्याचा कठडा धरला. "रविवारी सांगू?"

"सांगा की. सकाळी मी तलावावरच असतो."

ते दोन दिवस ती हॉटेलात राहिली. शुक्रवारी घरी न परतण्याची ती पहिलीच वेळ. तिने फार विचार केला, आणि विचार करण्याची तिला जी एकच रीत येत होती त्या रीतीने केला.

तलावाबाहेर सिमेंटचा एक बाक होता. आतून मुलांचा कलकलाट येत होता. शेरेवाले ओल्या केसांनी, खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"पहिला पर्याय," ताई म्हणाली, "आपण लग्न करू नये."

आणि तिने त्या पर्यायाचे फायदे सांगितले. दोघांनाही आपापल्या सवयी आहेत, त्यांचे घर लागलेले आहे, तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. मग तिने दुसरा पर्याय सांगितला: वर्षभर थांबावे, अधूनमधून भेटावे, मग ठरवावे. आणि मग तिसरा. लग्न करावे, तिने ही नोकरी सोडून त्यांच्या गावी एखादे साधे काम धरावे. या तिसऱ्यावर ती सर्वांत जास्त वेळ बोलली. तिने त्यांना पहारेकऱ्याची हकिकत सांगितली, न काढलेल्या कागदी टोपीची सांगितली, रांगेत उभी राहून सुटे पैसे घेतल्याची सांगितली. एवढे स्वतःविषयी ती कुणाशीच बोलली नव्हती. पण तिसऱ्या पर्यायाचे तोटे लपवणे तिच्या सचोटीत बसत नव्हते. म्हणून आपले वय, आपला एकलकोंडेपणा, घर चालवण्याची सवय नसणे, हेही तिने सांगितले, आणि जरा सैल हातानेच सांगितले. मग ती थांबली. तिच्या मते तिने हो म्हटले होते. तिच्या संस्थेतल्या कोणत्याही शिकाऊ पोराला ते कळले असते.

शेरेवाल्यांनी मात्र पहिली ओळ ऐकली होती. पुढचे त्यांना एका चांगल्या बाईची सारवासारव वाटली. नकाराने मन दुखावू नये म्हणून केलेली.

"समजलं," ते म्हणाले. "नीट विचार केलात तुम्ही. काही बदल असल्यास कळवा."

त्यांच्या दृष्टीने त्यांनी दार उघडे ठेवले होते. पण ताईच्या धंद्यात गिऱ्हाईक "कळवा" किंवा "कळवतो" म्हणाले की त्याचा अर्थ एकच असे: पसंत पडले नाही. तिला वाटले, तिसऱ्या पर्यायाचे तोटे त्यांना जड वाटले, आणि तसे ते होतेही. ती उठली, नमस्कार केला, आणि स्टेशनकडे निघाली. शेरेवाले सुधारलेल्या अर्जाची वाट पाहू लागले. ताई गिऱ्हाइकाच्या निर्णयाची.

महिन्याभराने मावशीकडे जेवताना तिने हे सारे संपलेल्या कामासारखे सांगितले. मीही पंगतीला होते.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?" मावशीने विचारले.

"सगळं मांडलं."

"मांडलं काय? भांडी आहेत का मांडायला? हो म्हणालीस का?"

"शेवटी तेच होतं, आई."

"शेवटी!" मावशीने वाढणे थांबवले. "अगं, त्या माणसाला काय माहीत तुझं शेवटचं ऐकायचं असतं ते? आम्हाला घरच्यांना शिकायला वर्षं गेली!"

"ते म्हणाले, समजलं."

"समजलं म्हणणारे सगळे समजलेले असते तर माझ्या वर्गात कुणी नापास झालं नसतं. ऊठ, फोन कर."

"आम्ही पाठपुरावा करत नाही, आई."

"आम्ही म्हणजे कोण? लग्न तू करतेयस की तुझी कंपनी?"

ताईने मान खाली घालून ताट संपवले. मी तिला नंतर म्हटले, हवे तर मी बोलते त्यांच्याशी. ती नको म्हणाली. ज्या माणसाला आपले तोटे इतके स्पष्ट सांगून झाले त्याच्या मागे लागणे म्हणजे त्याच्यावर दबाव आणणे, असे तिचे म्हणणे होते, आणि ते तिने मला दोन्ही बाजूंनी पटवून दिले. शेवटी कोणती बाजू आली हे मात्र मी ऐकून ठेवले.

उन्हाळाही सरला, पावसाळाही संपत आला. मग एका शनिवारी तिने स्वतःच्या पैशाने तिकीट काढले, आणि काम नसताना एका गावी जाण्याचा प्रसंग तिच्यावर कैक वर्षांत प्रथमच आला. कंपनीच्या कचेरीला सुट्टी होती. ती तलावावर गेली. पोहणे शिकवणारे मास्तर शिट्टी गळ्यात अडकवून बाकावर बसले होते.

"ते काका? त्यांची बदली झाली की. इथेच राहता येत होतं म्हणे, त्यांच्या साहेबांनी दोनदा विचारलं. पण म्हणाले, आता इथे थांबून काय करू. जायच्या आदल्या दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, मध्ये कठडा न धरता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही कोण त्यांच्या?"

"ओळखीची," ताई म्हणाली.

निवडीचे ते कलम तिनेच घातले होते. त्यांनी निवड केली होती. आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे तिला या खेपेला पुरते दिसले.

परतल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. दुपार होती; माझे यजमान गावाला गेले होते. तिने मास्तरांकडून त्यांचा नवा क्रमांक मिळवला होता. "तू इथेच बस," ती मला म्हणाली, "मी पुन्हा मांडायला लागले तर चिमटा काढ." तिचे बोलणे मी ऐकले, त्यांचे तिने फोन ठेवल्यावर शब्दशः सांगितले, म्हणून दोन्ही इथे देता येते.

"साहेब, मी बोलतेय. त्या रविवारी मी हो म्हणत होते."

मग ते म्हणाले, "मला तसं ऐकू आलं नाही."

"माहीत आहे. मांडणी माझी चुकली."

"तुम्ही म्हणालात, लग्न करू नये."

"तो पहिला पर्याय होता. आमच्यात पहिला खोडण्यासाठी असतो."

"अरेरे," ते म्हणाले. "आणि आमच्यात तोच खरा असतो. मी पावसाळ्यापर्यंत वाट पाहिली, मॅडम. रोज टपाल पाहायचो."

"टपाल कशाला? फोन होता की."

"सवय. दुसरं काय." ते थोडे हसले असावेत. मग त्यांचा आवाज उतरला. "इथे माझी बहीण राहते. तिच्या ओळखीच्या एक बाई आहेत, शाळेत शिकवतात. माझ्यासारख्याच एकट्या. बहिणीनं फार धरलं. गेल्याच महिन्यात मी हो म्हणालो. त्यांनी शाळेत बदलीचा अर्ज मागे घेतलाय, माझ्यासाठी."

ताईने माझा हात घट्ट धरला होता. चिमटा काढण्याची वेळ आली नाही.

"आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "तुमचं कामच ते आहे. मी काय करू? तुम्ही सांगाल ते करतो."

मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिथे एक बाजू होती, आणि दुसरीही होती, आणि दोन्ही मांडता येण्याइतका अवधी होता. तिने पहिल्याने शाळेतल्या बाईंचे नाव घेऊन पुढे सरकायला सुरुवात केली असती तर शेवटी काय आले असते हे मला नंतर, त्यांची वाक्ये ऐकल्यावर, कळले. आणि या वेळी त्यांनीही शेवटपर्यंत ऐकले असते.

"दिलेला शब्द पाळा," ताई म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने फोन ठेवला. मी चहा टाकला. काही न विचारता कप तिच्यासमोर ठेवला. तो निवेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने मला त्यांची वाक्ये सांगितली, एकेक, क्रमाने, स्वतःची काहीही भर न घालता. सोमवारी सकाळी ती नव्या गावी कामाला गेली.

शेरेवाल्यांचे लग्न २०१३ च्या डिसेंबरात झाले. ताईला २०१९ साली संस्थेने भागीदार केले, आणि त्याच वर्षी तिने आपला फ्लॅट भाड्याने दिला; तशी ती तिथे नसेच.